करदंट उभा राहिला! (आठवडा सहावा)

आज सकाळी पावणेसातला करदंट, आमचं पाय अधू झालेलं बदकाचं पिल्लू, उठला आणि पाण्याच्या टबापर्यंत सहा पावलं चालत गेला. सहा, मोजलीत. सातव्याला फतकल मारून बसला, पण तोवर मी कठड्यावर चहा सांडून ओरडत घरात शिरलो होतो. बायको म्हणाली, "आपली मुलगी पहिल्यांदा चालली तेव्हा एवढं ओरडला नव्हता."

मागच्या वेळी लिहिलं तेव्हा मी जवळजवळ हात टेकले होते. दहातली दोन पिल्लं पहिल्याच आठवड्यात, वीज गेलेल्या रात्री, उबेसाठी एकमेकांवर चढून गुदमरली. ते सगळं सांगून झालंय, पुन्हा उगाळत नाही. राहिली आठ. नावं धाकटीनं ठेवलेली, सगळी खाण्याचीच: कुंदा, करदंट, मांडा, पेढा, चिरमुरा आणि तीन 'लाडू', कारण त्या तिघांतला फरक अजून तिलाही कळत नाही.

तर पाय. तिसरा आठवडा संपता संपता करदंट चालायचं सोडून उलट्या गुडघ्यांवर सरकायला लागला. (आपण ज्याला बदकाचा उलटा गुडघा म्हणतो तो खरा तर घोटा. गुडघा वर पिसांत लपलेला असतो. हे मलाही याच भानगडीत कळलं.) घोटे सुजलेले, पाय आतल्या बाजूला कमानीसारखे वाकलेले. दोन दिवसांनी मांडाही तसाच. खाणं चालू, डोळे तरतरीत, शीट ठीक. फक्त पाय नाहीत.

पहिला संशय जमिनीवर. सुरुवातीचे दोन दिवस मी वर्तमानपत्र अंथरलं होतं आणि त्यावरून तुमच्यातल्या दोघांनी माझी यथेच्छ हजामत केली होती. रास्तच होती. पण गुळगुळीत कागदावर पिल्लाचे पाय बाहेर फाकतात, इथं आत वळले होते. शिवाय तिसऱ्या दिवसापासून खाली तरट आणि वर तूस आहे. तो संशय बाद.

मग खाद्याच्या दुकानदाराला विचारलं. त्यानं न बघताच कॅल्शियमची बाटली काढून दिली. "पाय म्हणजे कॅल्शियम, दुसरं काय?" मीही घातलं, चार दिवस. फरक शून्य. पाचव्या दिवशी वाचनात आलं की अंड्यावरच्या पक्ष्याच्या खाद्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं, वाढत्या पिल्लाला साधारण एक टक्का पुरतं, आणि त्याहून फार जास्त गेलं तर मूत्रपिंडं खराब होतात. स्टार्टरमध्ये, म्हणजे लहान पिल्लांच्या तयार खाद्यात, ते आधीच घातलेलं असतं. बाटली कपाटात गेली. दुकान बदललंय. आता थेट बेळगावच्या रविवार पेठेत जातो, लांब पडतं, पण तिथं निदान पोत्यावरची तारीख बघू देतात.

आईनं हळद-तेल चोळलं. शेजारचे काका रोज भिंतीवरून डोकावून म्हणायचे, "बदकं कसली पाळूलास, राजहंसगडाखाली ऱ्हातोस तर राजहंस पाळ की!" राजहंसगडाच्या पायथ्याशी, बेळगावजवळच्या येळ्ळुरात बदकं पाळणाऱ्या माणसाला हा विनोद किती वेळा ऐकावा लागतो याची नोंद ठेवायला हवी होती.

शेवटी करदंटला खोक्यात घालून स्कूटरवरून सरकारी जनावरांच्या दवाखान्यात नेलं. पुढं दोन म्हशी आणि एक बोकड. डॉक्टरांनी खोक्यात बघून "बातुकोळी?" (कन्नडमध्ये बदक) म्हणून हसून घेतलं, पाय हातात धरून वाकवले, आणि एकच प्रश्न विचारला: "इदक्क एन तिनसतीरी?" काय खायला घालता?

हा प्रश्न मला एकानंही विचारला नव्हता, मी स्वतःला तर नाहीच नाही. मी मोठ्या अभिमानानं सांगितलं, की ब्रॉयलर स्टार्टर निम्मा आणि घरच्या मक्याचा भरडा निम्मा, किलोमागं वीसेक रुपये वाचतात. डॉक्टरांनी लिहायचं थांबवलं. "कोंबडीचं पिल्लू यावर रडतखडत निघालं असतं. हे बदक आहे. नायसिन बघा."

घरी येऊन बघितलं आणि डोक्यावर हात मारून घेतला. नायसिन म्हणजे बी-३ जीवनसत्त्व. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या १९९४ च्या तक्त्यात लहान ब्रॉयलर पिल्लाला किलोभर खाद्यात ३५ मिलिग्रॅम नायसिन धरलंय आणि बदकाच्या पिल्लाला ५५. कारण शरीर ट्रिप्टोफॅनपासून थोडंफार नायसिन स्वतः बनवतं, पण बदकाला ते फारसं जमत नाही. म्हणजे कोंबडीचा स्टार्टर नुसता दिला तरी बदकाला काठावर. त्यात मी निम्मा मका ओतून तो पातळ केला. आणि मक्यातलं नायसिन असतं ते बांधलेलं, पोटात जाऊन सुटतच नाही. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात तेव्हा ते मोकळं होतं. आपण चुना पानाला लावतो, भरड्याला नाही.

माणसांत याच कमतरतेचा रोग म्हणजे पेलाग्रा. मक्यावर जगणाऱ्या गरीब मुलखांत तो पसरायचा. नायसिनचा आणि त्याचा संबंध १९३७ मध्ये अमेरिकेतले शास्त्रज्ञ एल्व्हेजेम यांनी दाखवला. आणि आपल्या दख्खनात तो ज्वारी खाणाऱ्यांतही दिसायचा म्हणून हैदराबादला गोपालन आणि श्रीकांतिया या पोषणशास्त्रज्ञांनी १९६० च्या सुमारास त्यावर काम केलं होतं. हे वाचलं तेव्हा मी पुढच्या आठवड्यासाठी मका संपला तर ज्वारीचा भरडा घालायचा बेत करून बसलो होतो! आईला सगळं समजावून सांगितलं. तिनं एका वाक्यात निकाल दिला: "चार पैशापाय लेकराचं पाय मोडलास की."

करदंटपाठोपाठ मांडाच का आडवा झाला, ते कोडंही इथंच सुटलं. विकणाऱ्यानं दहाही पिल्लं "प्युअर खाकी कॅम्पबेल" (अंड्यांसाठी पाळतात ती बदकाची जात) म्हणून दिली होती. खाकीची पिल्लं तपकिरी असतात. मांडा पहिल्या दिवसापासून लिंबासारखा पिवळाधमक, आणि आता पांढरी पिसं फुटलीत. सरळसरळ पेकिन आहे, निदान अर्धा तरी. पेकिन मांसाची जात, सहा-सात आठवड्यांत दोन किलोच्या पुढं जाते. एवढ्या वेगानं वाढणाऱ्या अंगाला पायांनी साथ द्यायची तर जीवनसत्त्वही तेवढंच लागणार, म्हणून तो दुसरा आडवा झाला. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे, "रंग वरखाली होतो हो." पुढची खेप मी थेट बेंगळुरूजवळच्या हेसरघट्ट्याच्या केंद्र सरकारच्या कुक्कुट संस्थेतून आणायचं म्हणतोय. लांब आहे, पण तिथं खाकी म्हणजे खाकी.

उपचार साधा निघाला, तेच जास्त लागलं. भरडा त्याच दिवशी बंद, नुसता स्टार्टर. डॉक्टरांच्या सांगण्यावरून निकोटिनमाइड (नायसिनचंच एक रूप) १०० मिलिग्रॅम असलेली बी-कॉम्प्लेक्सची कॅप्सूल फोडून तीन लिटर पाण्यात, रोज ताजी. करदंट आणि मांडा यांना वेगळं ठेवलं, कारण बाकीचे तुडवत होते. स्टार्टरवर ब्रूअर्स यीस्टची (बिअर करताना वापरतात त्या, मारून वाळवलेल्या यीस्टची) पावडर, त्यातही नायसिन असतं, भाजीवर भुरभुरावं खोबरं तशी. बेकरीतलं यीस्ट वापरू नका, ते जिवंत असतं, पोटात फुगतं. मी विचारलं होतं म्हणून सांगतोय.

आणि पोहणं. ही कल्पना माझी, श्रेय कुणाला देणार नाही. कोमट पाण्याचा टब भरायचा, दोघांना पाच-पाच मिनिटं सोडायचं. अंगाचा भार पाणी उचलतं, पाय मात्र चालतात. आई नसलेल्या लहान पिल्लाच्या पिसांना तेल नसतं, ते भिजून गारठतं, म्हणून मी शेजारी टॉवेल घेऊन बसायचो आणि नंतर बल्बखाली वाळवायचो. तिसऱ्या दिवशी मांडा उठला. जाडजूड माणूस खुर्चीतून उठतो तसा, आधी कण्हून. करदंटला मात्र सोळा दिवस लागले. डावा पाय अजून आत वळतो आणि तो बहुधा तसाच राहील. हाड एकदा वाकडं वाढलं की सगळं परत सरळ होत नाही असं डॉक्टर म्हणाले. काल वजन ७९० ग्रॅम, कुंदाचं ११२०.

मधेच माझ्या डोक्यात भुईमूग शिरला. शेंगदाण्यात नायसिन भरपूर, घाण्यावर पेंड ताजी मिळते, मग महागडं यीस्ट कशाला? पेंड आणलीसुद्धा, पाच किलो. पोतं उघडलं तर खालच्या बाजूला ओल. तिथंच हात थांबला, कारण १९६० साली इंग्लंडात लाखभर टर्कीची पिल्लं मेली होती ती बुरशी लागलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीनं, बदकाची पिल्लंही मेली होती, आणि त्यातूनच अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाचा शोध लागला. पाळीव पक्ष्यांत या विषाला बदकाचं पिल्लू सर्वांत हळवं. पावसाळ्यात बेळगावात कोरडी पेंड सांभाळणं म्हणजे उघड्यावर पापड वाळवणं. पेंड खड्ड्यात पुरली. म्हशीलाही दिली नाही, ते विष दुधात उतरतं.

एक गोष्ट मात्र जमली आणि ती मिरवणारच. पाण्याचं ठिकाण! बदकाला नाकपुड्या बुडतील एवढं खोल पाणी लागतंच, आणि ते दिलं की अर्ध्या तासात सगळं तूस लापशी. पहिले तीन आठवडे मी रोज दोन पाट्या ओलं तूस काढत होतो, वर अमोनियाचा वास. आता जमिनीत भाजीचा प्लॅस्टिकचा क्रेट पुरला, त्यात खडी, वर अर्ध्या इंचाची जाळी ताणून, आणि टब जाळीवर. सांडलेलं सगळं खाली जातं. खाद्य मुद्दाम पाण्याजवळच ठेवलंय, बदकाला घासागणिक घोट लागतो, नाहीतर अडकतं. तूस आता आठवड्यातून दोनदा बदलतो. भाताच्या गिरणीत फुकट मिळतं. सुताराचा भुसा मात्र नको, बारीक असतो, पिल्लं खातात.

तळ्याचा बेत रद्द. परड्यात खणलेल्या खड्ड्यात तरण्या पावसानं कंबरभर पाणी साठलंय, म्हणजे डासांसाठी मी सोय केलीय. त्यात बदकांना खायला अझोला (पाण्यावर तरंगणारी बारीक वनस्पती) सोडायचा विचार होता. पण हे लिहिता लिहिता दुसरंच सुचतंय. जपानातले ताकाओ फुरुनो हे शेतकरी १९८८ पासून भातात बदकं सोडतात. तण खातात, किडे खातात, चिखल ढवळतात, खत टाकतात. चुलतभावाची गडाच्या बाजूची चार गुंठ्यांची पट्टी आहे, गेल्या आठवड्यात लावण झाली. आठ बदकांना चार गुंठे बरोबर बसतात. बळ्ळारी नाल्याकडचं शेत नको, तिथं पुराला बदकांसकट भात जाईल.

थांबा. फुरुनो पिल्लं सोडतात ती दोनेक आठवड्यांची, रोपं रुजल्यावर. आमची धटिंगणं सहा आठवड्यांची, मांडा तर रोपावर बसेल. मग असं करतो: अजून तीन आठवडे थांबून फुटवे आले की फक्त तिन्ही लाडूंना आत सोडायचं, दुपारी दोन तास, कडेनं जाळी मारून. मुंगूस आणि घार दोन्ही आहेत, म्हणून मी बांधावर. चुलतभावाला अजून विचारलेलं नाही. शेजारच्या शेतात फवारणी कधी असते तेही विचारायला हवं, खरं तर ते आधी.

उरलेला पंचवीस किलो भरडा काकांच्या कोंबड्यांना दिला. काका म्हणाले, "दे की, आमच्या कोंबड्यांचं पाय घट्ट हाईत." बदल्यात सहा अंडी आली.

आवाजाचं सांगायचं राहिलं. कुंदा कालपासून खणखणीत पॅक-पॅक करतेय, म्हणजे मादी नक्की. पेढाही. चिरमुऱ्याचा घसा बसल्यासारखा, तो नर. करदंट अजून पिल्लासारखाच चिवचिवतो, वाढ मागं पडलीय म्हणून असेल. धाकटीचं म्हणणं, तो मुलगी निघाला तरी नाव बदलायचं नाही.