अंगठ्यावरची खाच

नखं कापताना एक तुकडा टणकन उडाला आणि पलंगाखाली गेला. तो शोधायला वाकलो तेव्हा दोन्ही अंगठ्यांवर, नखाच्या साधारण मध्यावर, एकेक आडवी खाच दिसली. बोट फिरवलं तर लागतही होती. दारात बोट सापडलं म्हणावं, तर दोन्ही अंगठे एकदम सापडतील असं दार माझ्या आठवणीत नाही.

हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलीमीटर सरकतं. मुळापासून टोकापर्यंत यायला सहाएक महिने. त्या हिशेबाने मागे मोजत गेलो आणि थेट तापाच्या दिवसांत जाऊन पोचलो. तीन महिन्यांपूर्वी आठवडाभर ताप होता, अन्न समोर आलं तरी तोंड फिरवत होतो. त्या आठवड्यात नखाच्या मुळाने काम जवळपास थांबवलं होतं. जोसेफ बो या फ्रेंच डॉक्टरांनी अशा खाचांचं वर्णन १८४६ मध्येच करून ठेवलंय.

गंमत म्हणजे याच सुमाराला कंगव्यात केसांचे पुंजके येत होते आणि मी नव्या शाम्पूला शिव्या घालत होतो. बिचारा शाम्पू! आजारपण, बाळंतपण किंवा उपासमारीचं डाएट झालं की बरेच केस एकदम विश्रांतीला जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. तोवर मूळ कारण आपण विसरलेलो असतो, म्हणून जो समोर दिसेल त्याला धरतो.

तंगीच्या दिवसांत शरीर आधी हृदय-मेंदूचं बघतं. केस आणि नखं पंगतीत सगळ्यात शेवटी. दोन्ही केराटिन नावाच्या प्रथिनाची, म्हणून जेवणात प्रथिनं कमी पडली की यांच्या पानात काही उरत नाही. लोह फारच कमी झालं तर नख चमच्यासारखं खोलगट होतं, पाण्याचा थेंब त्यावर राहील इतकं. क जीवनसत्त्व नसेल तर त्वचेला बळकटी देणारं कोलॅजन नावाचं प्रथिन नीट तयार होत नाही. या अभावाच्या आजारात, म्हणजे स्कर्व्हीत, हिरड्यांतून रक्त येतंच, शिवाय अंगावरचे केस बाटलीचं बूच काढायच्या स्क्रूसारखे पिळदार वळतात.

लहानपणी नखांवर पांढरे ठिपके दिसले की ‘कॅल्शियम कमी आहे’ म्हणून मला जास्तीचं दूध मिळायचं. ते ठिपके बहुतेक वेळा नखाच्या मुळाला बसलेल्या बारीकशा धक्क्याचे असतात. दूध अंगी लागलं असेल, ठिपक्यांना मात्र त्याचा पत्ताही नव्हता.

आता दुधाची जागा बायोटिन या ब गटातल्या जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी घेतलीय. मोठ्या माणसाला दिवसाला ३० मायक्रोग्रॅम पुरतं आणि साध्या जेवणातून ते बहुतेकांना मिळतं. गोळीत हजारो मायक्रोग्रॅम असतात. रोज कच्च्या अंड्याचा पांढरा बलक पिणाऱ्याला खरंच कमी पडू शकतं, कारण त्यातलं अॅव्हिडिन नावाचं प्रथिन बायोटिनला धरून ठेवतं; पण अशी माणसं कितीशी असणार? उलट, इतक्या बायोटिनने थायरॉइडच्या काही रक्तचाचण्यांचे आकडे चुकू शकतात. अ जीवनसत्त्व आणि सेलेनियम यांचा अतिरेक तर केसच गळवतो. केसांसाठी घेतलेल्या गोळीने केस जावेत, यावर हसावं की रडावं कळत नाही.

आणि आपल्याला घाई केवढी! सोमवारी डाळी-भाज्या सुरू करायच्या आणि शनिवारी आरशासमोर उभं राहायचं. विल्यम बीन या अमेरिकन डॉक्टरांनी ३५ वर्षं स्वतःच्या अंगठ्याचं नख मोजलं. दर महिन्याला मुळाशी रेघ कोरायची आणि ती टोकाला कधी पोचते याची वाट बघायची. बत्तिसाव्या वर्षी दिवसाला ०.१२३ मिलीमीटर वाढणारं नख सदुसष्टाव्या वर्षी ०.०९५ वर आलं होतं. मला तीन महिन्यांची खाचसुद्धा उशिरा दिसली.

पलंगाखालचा तुकडा अखेर सापडला. तापाच्याही आधीचा, सहा महिन्यांपूर्वीचा. तेव्हा मी काय जेवत होतो, काही केल्या आठवेना.