बेअर शाफ्टचा छडा लागला: ५०० स्पाइन, २२५ ग्रेन

मंडळी, छडा लागला! पाऊस उघडल्यापासून माझ्या टेकडाउनचा (सुटे भाग जोडून बनणाऱ्या धनुष्याचा) बेअर शाफ्ट, म्हणजे बिनपिसांचा उघडा बाण, उजवीकडे पळत होता. काल इंदूरजवळच्या राऊच्या शेतात तो एकदाचा पिसांच्या बाणांशेजारी जाऊन बसला.

सेटअप तोच. धनुष्य २८ इंचाला ४५ पौंडांचं, माझी ड्रॉ (दोरीची ओढ) २७, त्यामुळे काट्यावर ४२ भरतात. कार्बन शाफ्ट ५०० स्पाइनचे (स्पाइन म्हणजे शाफ्ट किती वाकतो त्याचा आकडा, मोठा तितका मऊ), २९ इंच, पुढे १२५ ग्रेनचा पॉइंट, म्हणजे टोक. १५ मीटरवरून पिसांचे बाण मधोमध, उघडा शाफ्ट मात्र वीतभर उजवीकडे, आणि फोममध्ये नॉक (दोरीत अडकणारी शेपटाकडची खोबण) डावीकडे कललेली. उजव्या हाताने मारणाऱ्याला याचा अर्थ कोणीही सांगेल: बाण मऊ आहे, पॉइंट हलका कर नाहीतर शाफ्ट काप, म्हणजे ताठ होईल. कापलेलं परत जोडता येत नाही, म्हणून आधी १०० ग्रेन लावून पाहिलं. बाण आणखी उजवीकडे गेला!

बाण मऊ असता तर पॉइंट हलका केल्यावर डावीकडे सरकायला हवा होता. इथे सगळं उलटंच.

आधी शाफ्टवर संशय घेतला. पाटावर २८ इंचांच्या अंतराने दोन खिळे, त्यावर शाफ्ट आडवा, मधोमध पाणी भरून बरोबर ८८० ग्रॅम केलेली बाटली. ५०० स्पाइन म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर झुकायला हवा. माझे सगळे १२.४ ते १३.१ च्या आत. शाफ्टमध्ये खोट नाही.

मग पॉइंट सोनाराच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर टाकले. (हा काटा प्रत्येकाने घ्यावाच. सराफ्याच्या गावात राहून ग्रेनचा अंदाज बांधत बसण्यात काय अर्थ?) १२५ ग्रेन म्हणजे ८.१ ग्रॅम. पाकिटातले निघाले ७.८ पासून ८.५ पर्यंत, म्हणजे १२० ते १३१ ग्रेन. एकाच पाकिटात इतका फरक असेल तर ग्रुप कसे जमणार? त्या विक्रेत्याकडून पुन्हा काही मागवणार नाही. पितळेचे जड पॉइंट दुसरीकडून आणलेत, ते वजनाला चोख आहेत. तरीही वीतभराचा फरक यातून येत नाही.

शेवटी भाचा म्हणाला, "मामा, कॅरमची पावडर टाकून बघायची का?" शेल्फवर (बाण टेकतो ती कड) आणि साइड प्लेटच्या (बाण बाजूने टेकतो त्या पट्टीच्या) चामड्यावर पावडर भुरभुरली, उघडा शाफ्ट सोडला. चामड्याच्या मागच्या कडेवर बोटाच्या पेराएवढा पट्टा स्वच्छ पुसलेला, आणि शाफ्टच्या नॉककडच्या भागावर पांढरा ओरखडा. बाण मऊ नव्हताच, ताठ होता! सुटताना रायझरला (धनुष्याच्या मधल्या मुठीच्या भागाला) वळसा घालण्याइतका वाकत नव्हता. शेपूट प्लेटवर आपटून डावीकडे फेकली जायची, तोंड उजवीकडे वळायचं, आणि फोमवर मऊ बाणाची खूण उमटायची. शाफ्ट कापले असते तर आणखी ताठ झाले असते.

मग बाण मऊ करायला पॉइंट जड करत गेलो आणि पुढचं भराभर झालं. १५० ला बाण कुठेही जात होते. १७५ ला उघडा शाफ्ट चक्क डावीकडे. ताठ बाणाने दाखवावी तशी खरी खूण, ती पाहून जीव भांड्यात पडला. २०० ला डावीकडेच, पण थोडासाच. २२५ ला पिसांच्या बाणांना खेटून, नॉक सरळ. पावडरीवर ओरखडा नाही. आणि आवाज! तो कोरडा 'टक्' गेला, धनुष्य एकदम शांत. बाण आता ४९० ग्रेनच्या आसपास, म्हणजे पौंडाला साडेअकरा ग्रेनहून जास्त, आणि एफओसी (बाणाचा तोल मध्यापासून किती पुढे आहे ते) २० टक्क्यांच्या वर. शिकारीच्या धनुष्याला असाच जड बाण शोभतो, भले १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपलं सावज फोमचंच असो.

झाबुआकडची भिल्ल धनुष्यं बघा. बांबूचं धनुष्य, बांबूच्याच चिपेची दोरी, बाणासाठी मधे खाच कापलेली नाही. बाणाला पूर्ण दांड्याला वळसा घालावा लागतो. आपला रायझर मध्यापर्यंत कापलेला म्हणून निर्धास्त राहतो आपण, पण चामड्याचा जाड थर चिकटवला की बाण मध्यापासून बाहेर सरकतो, आणि मग जास्त लवचीक शाफ्ट लागतो.

हे लिहिता लिहिता सुचलं, माझं चामडं चांगलं तीन मिलिमीटर जाड आहे! ६०० चे शाफ्ट मागवायचं ठरवलं होतं, ते आता थांबवतो. आधी चामडं काढून पातळ वेल्क्रो लावतो. बाण आत सरकला की हाच शाफ्ट मऊ वागेल, मग बहुतेक २०० ग्रेनवरच जमेल आणि ३० मीटरला बाणाची घसरण जरा कमी होईल. फार मऊ वागला तर वेल्क्रोखाली काडेपेटीची काडी सरकवून परत बाहेर आणता येतं. ब्रेस हाइटला (दोरी आणि मुठीतल्या अंतराला) तोवर हात लावणार नाही, एका वेळी एकच बदल.

रविवारी पुन्हा राऊला. कोणाकडे २०० ग्रेनचे स्क्रू-इन पितळी पॉइंट जादा असतील तर घेऊन या, काटा मी आणतो.