वेंगुर्ल्याहून नरिमन पॉइंटला, मुठेल घेऊन

नोव्हेंबर २०२५ मध्ये मी कामासाठी एकटी मुंबईला जाऊन आले. तीन दिवस, दोन रात्री. मुक्काम नरिमन पॉइंटच्या पंचतारांकित हॉटेलात, सतराव्या मजल्यावर, आणि खर्च बोलावणाऱ्यांचा. आल्यापासून गावातल्या आणि आजूबाजूच्या बचत गटांतल्या मुली फोन करून विचारतायत, कसं गेलीस, काय नेलंस, काय बोललीस. सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहिते.

आमचा सात जणींचा गट. आजी, आई, दोन काकू, वाडीतल्या दोघी आणि मी. एप्रिल-मे महिन्यांत रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायचे, सालांची आमसुलं, रसाचं आगळ, आणि उरलेल्या बियांचं मुठेल. बिया धुऊन कडक वाळवायच्या, फोडून भरडायच्या, पाण्यात उकळायच्या. तेल वर तरंगतं, ते निवलं की गोठतं. मग मुठीत दाबून गोळे वळायचे, म्हणून मुठेल. आमच्याकडे भेगाळलेल्या टाचांना आणि थंडीत ओठांना हेच लावतात. त्याला शहरात ‘कोकम बटर’ म्हणतात आणि क्रीम, लिप बाममध्ये घालतात हे मला चार वर्षांपूर्वी कळलं. मुंबईच्या एका सौंदर्यप्रसाधनं बनवणाऱ्या कंपनीने आमचा नमुना मागवला, आणि दोन महिन्यांनी पत्र आलं: देशभरातल्या लहान पुरवठादारांना भेटायला बोलावतोय, दोन दिवस या.

आता तिकीट. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, आणि कोकणकन्या एक्सप्रेसचं लवकर भरतं. गणपती, मे महिना आणि नाताळ या काळात तर पहिल्याच दिवशी बसावं लागतं. मला पत्रच उशिरा आलं, म्हणून आदल्या दिवशी तात्काळ. एसीचं तात्काळ सकाळी १० वाजता उघडतं, स्लीपरचं ११ ला. ऑनलाइन काढायचं तर खात्याला आधार जोडलेलं लागतं, ते आधीच करून ठेवा. स्लीपरमध्ये एकट्या बाईसाठी लेडीज कोटा असतो, तोही बघा. वेंगुर्ल्याहून कुडाळपर्यंत एसटीने गेले. २०२३ च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट आहे. कुडाळ स्टँडपासून स्टेशनला रिक्षा करावी लागते, तेवढा वेळ हाताशी ठेवा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं, गाड्या हळू चालतात. त्या दिवसांत सकाळची मीटिंग असेल तर एक दिवस आधी पोचलेलं बरं.

सामानात माझी एक चूक झाली, ती तुम्ही करू नका. आगळाची बाटली कपड्यांच्या बॅगेत ठेवली होती. गळली नाही, पण रात्रभर मी जागी होते, कारण आगळाचा डाग कॉटनवरून जात नाही. नमुने वेगळ्या पिशवीत, झाकणाला टेप लावून, प्रत्येकावर गटाचं नाव आणि बॅचची तारीख. मुठेलाचं मात्र टेन्शन नसतं. ते साधारण ३८ ते ४० अंशांना वितळतं, त्यामुळे प्रवासात गोळा गोळाच राहतो. मी दोन गोळे आजीच्या स्टीलच्या डब्यात आणि बाकीचं काचेच्या लहान बरण्यांत नेलं.

निघताना आजी एवढंच म्हणाली, “गो बाय, दर इचारल्यानी की खाली बघा नको.”

गाडी पहाटेच सीएसएमटीला पोचते, आणि हॉटेलात खोली साधारण दुपारी मिळते. हे मध्ये सात-आठ तास कुठे घालवायचे याचा विचार कुणी करत नाही. मी चार दिवस आधी हॉटेलला ई-मेल करून लवकर खोली मागितली होती. नऊ वाजता मिळाली. तोवर स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये तोंड धुतलं, कपडे बदलले. स्टेशनवरून काळी-पिवळी घेतली. तेव्हा मीटर ३१ रुपयांपासून सुरू होत होता, आणि मीटरनेच जायचं. तिथे रिक्षा शोधू नका, वांद्रे आणि सायनच्या दक्षिणेला रिक्षा चालतच नाहीत.

हॉटेलच्या काउंटरवर आधार दाखवलं आणि त्यांनी कार्ड मागितलं. राहणं-जेवण कंपनीचं असलं तरी इतर खर्चासाठी अनामत म्हणून काही हजार रुपये कार्डावर अडकवून ठेवतात. ते परत मिळतात, पण डेबिट कार्ड असेल तर खात्यात यायला काही दिवस जातात. म्हणजे परतीच्या खर्चाचे पैसे त्याच खात्यात असतील तर अडचण. मी गटाच्या खात्याचं कार्ड न देता माझं स्वतःचं दिलं, आणि वेगळी रोख रक्कम ठेवली होती. खोलीतल्या फ्रिजमधलं काही घेतलं तर बिल लागतं. टेबलावरच्या दोन पाण्याच्या बाटल्या मोफत असतात. कुठल्या, ते विचारून घ्या, तिथे विचारण्यात काहीच कमीपणा नाही.

आणि आता खोली. मैत्रिणींनो, ती सुंदरच होती, आणि मला ते मनापासून सांगायचंय. भिंतभर काच, खाली मरीन ड्राइव्हची कमान, संध्याकाळी दिवे लागले की खरोखर राणीचा रत्नहार. पांढऱ्या चादरीवर आडवी झाले आणि अर्धा तास नुसती पडून राहिले. वर्षभर पहाटे चुलीपाशी बसणाऱ्या आईला इथे आणायला हवं असं सारखं वाटत होतं. एकच गोष्ट चुकल्यासारखी वाटली: काच उघडत नव्हती. समुद्र दिसत होता, पण गाज नाही, वास नाही. आमच्या बंदरावर डोळे मिटले तरी समुद्र कुठे आहे ते कळतं.

पहिल्या रात्री जेवण होतं. मी आईची बारीक काठाची सुती साडी नेसले होते, आणि खाली उतरल्यावर मला ती तिथे शोभते आहे हे जाणवलं. कुणी काश्मीरहून केशर आणलं होतं, कुणी कच्छहून आलं होतं. जेवणाआधी छोट्या काचेच्या पेल्यांत सोलकढी आली. चव घेतली, आणि आमसुलं नीट पुटं न चढवलेली आहेत हे जिभेला कळलं. चांगल्या आमसुलाला चार-पाच वेळा मिठाच्या रसात बुडवून पुन्हा पुन्हा उन्हात वाळवतात, तेव्हा त्याला तो काळपट तकतकीत रंग आणि आंबट-खारट धार येते. मी वाढणाऱ्या दादांना विचारलं, शेफना भेटता येईल का. ते स्वतः बाहेर आले. वीस मिनिटं आम्ही नुसतं कोकमावर बोललो. आगळाची बाटली मी त्यांनाच दिली. या भेटीतून पुढे आमसुलांची थोडी विक्री झाली, जी कार्यक्रमात कुठे नव्हतीच. तेव्हा नमुने खोलीत ठेवून जेवायला जाऊ नका.

दुसरा दिवस खरा. सकाळी अंधेरीला त्यांच्या प्रयोगशाळेत बोलावलं होतं. बरोबरचे लोक गाडीने निघाले, मी मेट्रोने गेले आणि त्यांच्या आधी पोचले. भुयारी ‘मेट्रो ३’ ही ऑक्टोबर २०२५ पासून आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण चालते, साडेतेहतीस किलोमीटर, २७ स्थानकं. नरिमन पॉइंटला विधान भवन स्थानक जवळ, तिथून एमआयडीसी-अंधेरीला गाडी बदलायची गरज नाही. लोकलने जायचं तरी सकाळी चर्चगेटहून अंधेरीकडे गर्दी कमी असते, कारण सगळी मुंबई उलट दिशेने येत असते. संध्याकाळी परत येतानाही तेच. मी तर दुपारपर्यंतच परतले, लेडीज डब्यात खिडकीशी बसून.

प्रयोगशाळेत पहिला प्रश्न, “सीओए आणलंय?” म्हणजे त्या बॅचचं तपासणी प्रमाणपत्र. ओलावा किती, मुक्त फॅटी आम्ल किती, पेरॉक्साइड व्हॅल्यू किती (तेल खवट झालंय का ते यावरून कळतं). मी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतून आधीच करून घेतलं होतं. ज्यांच्याकडे नव्हतं त्यांचं बोलणं तिथेच थांबलं, माल कितीही चांगला असो. तिथल्या मॅडमच्या मनगटावर मी डब्यातला गोळा फिरवला. तो अंगाच्या ऊबेने हळूहळू मऊ होतो आणि चिकट राहत नाही. त्यांना नेमकं हेच हवं असतं.

दुपारी हॉटेलात समोरासमोर टेबल. तीन माणसं पलीकडे, अलीकडे मी. त्या आदल्या रात्रीच्या जेवणानंतर, त्या खोलीनंतर माणूस मऊ होतो, त्यांनी एवढं केलंय तर आपण दरात काय ताणायचं, असं वाटायला लागतं. मला वाटलं होतं. म्हणून दर घरून निघायच्या आधी ठरवा, आणि कागदावर लिहा. आम्ही सातही जणींनी ओसरीवर बसून लिहिला होता: बिया, लाकूड, गाळणी, तपासणी, बरण्या, वाहतूक, आणि प्रत्येकीच्या दिवसाची मजुरी, आजीचीसुद्धा. आजीची मजुरी याआधी आम्ही कधीच धरली नव्हती. ती धरल्यावर आकडा बराच वर गेला, आणि तोच खरा होता. बियांच्या वजनात पाव हिस्स्याच्या आसपास तेल असतं, पण चुलीवर उकळून सगळं हाती लागत नाही, हेही त्यात आलं. आकडा इथे लिहीत नाही, कारण रातांब्याचं पीक दरवर्षी वेगळं, वळवाचा पाऊस लवकर आला तर हंगाम निम्मा.

कागदावर तीन रकमा होत्या. सांगायची, चालेल अशी, आणि हिच्याखाली नाही अशी. त्यांनी शेवटच्या रकमेपेक्षाही कमी सांगितलं. मी खाली बघितलं नाही. हिशेबाचा कागद फिरवून त्यांच्यापुढे ठेवला आणि गप्प बसले. सर्वांत कठीण ते गप्प बसणंच होतं. मधल्या रकमेला जुळलं.

मग त्यांनी सांगितलं, पैसे ९० दिवसांनी. इथे कायदा तुमच्या बाजूने आहे, तो पाठ करून जा. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर चक्रवाढ व्याज. त्यासाठी माल देण्याआधी तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंद, झालेली हवी. ती ऑनलाइन होते आणि मोफत होते, कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका. मी उद्यमचं प्रमाणपत्र कराराच्या मसुद्याला जोडलं आणि ‘४५ दिवस’ लिहून मागितलं. हिशेबनीस सर हसले आणि म्हणाले, “बरोबर आहे तुमचं.” निम्मे आगाऊ, निम्मे ४५ दिवसांच्या आत.

त्यांना महिन्याला २०० किलो हवं होतं. हो म्हणायचा मोह झाला. पण रातांबे वर्षातून एकदाच येतात, आणि हंगामात साठवलेल्या बियांवरच वर्ष काढायचं असतं. मी सांगितलं, या वर्षी ४० किलो, पुढच्या हंगामानंतर जास्त. आता भरडायच्या यंत्रासाठी आम्ही पीएमएफएमई या लहान अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेत अर्ज करतोय. २०२५ मध्ये त्यात ३५ टक्के अनुदान मिळत होतं, कमाल १० लाख रुपये.

परतताना मांडवी एक्सप्रेस घ्या. सकाळी सीएसएमटीहून सुटते, कोकण उजेडात दिसतं. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा, मग रत्नागिरीजवळ पानवल नदीवरचा उंच पूल. त्या पुलावर मी आईला व्हिडिओ कॉल लावला, तेवढ्यात रेंज गेली.

घरी पोचले तेव्हा दिवे लागले होते. आजीने आधी डबा उघडून बघितला, किती उरलंय. मग विचारलं, “किती म्हणालंस?” मी आकडा सांगितला. ती थोडा वेळ बोटं मोजत बसली, आणि काकूला म्हणाली, उद्यापासून बिया परत उन्हात घालूया, ओल धरली असतली.

४० किलो माल पाच-पाच किलोच्या बादल्यांतून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेला. उरलेली निम्मी रक्कम एकोणचाळिसाव्या दिवशी गटाच्या खात्यात जमा झाली.