कुठल्या दारानं आत जायचं?

वाटण्या झालेल्या घरात पाहुण्याची पहिली अडचण दाराची असते. आमचं घर भोगावतीच्या काठचं, पाच खणी, पूर्वी एकाच दाराचं. आजोबांच्या मागं तिघा भावांनी वाटण्या केल्या, आत भिंती घातल्या आणि पुढच्या सोप्याला तीन दारं पडली. पाच खण तिघांत कसे बसवले ते त्या वेळच्या पंचांनाच ठाऊक. थोरल्याला परडं जास्त, धाकट्याला माडी, असं काहीतरी करून त्यांनी मिटवलं. आता म्हाईला, म्हणजे देवीच्या जत्रेला, गावी जावं तर वडापची जीप कोपऱ्यावर थांबेपर्यंत तिन्ही दारांत कुणी ना कुणी उभं असतंच. एका दारात आधी पाऊल टाकलं, की उरलेल्या दोन घरांतला चहा त्या दिवशी जरा पाणचट मिळतो.

यावर घरानं काढलेला तोडगा म्हणजे थोरली आत्ती. ती आदल्या दिवशीच सासरहून येते आणि मधल्या दाराच्या जोत्यावर पोतं टाकून बसते. पिशवी तिच्या पायाशी ठेवायची, वाकायचं, "एवढ्या उन्नात कशाला निघालासा रं?" हे ऐकून घ्यायचं. मग ती सांगेल त्या दारानं आत. तिनं सांगितल्यावर कुणाचा रुसवा नाही. पोरं कुठं झोपणार, न्हाणीत आधी कोण जाणार, पाव्हण्यांना रात्रीचं वरण पुरेल की अजून डाळ टाकायची, हे सगळं जोत्यावरनंच ठरतं.

कोल्हापूरच्या बाहेरच्यांना म्हाई समजावून सांगावी लागते. गळीत हंगाम संपून ऊस कारखान्याला गेलेला असतो, जोतिबाची चैत्रयात्रा होऊन गेलेली असते, पोरांना सुट्ट्या लागतात. अशा दिवसांत गावोगावी देवीची म्हाई निघते. आमच्याकडं पहिल्या दिवशी पुरणपोळी आणि येळवण्याची आमटी, दुसऱ्या दिवशी बकरं. पुण्या-मुंबईला गेलेली, इचलकरंजीत यंत्रमागावर असलेली, कागलच्या एमआयडीसीत लागलेली सगळी भावकी त्या दोन दिवसांत गावात असते. लग्नाला न आलेला माणूस म्हाईला येतो. दिवाळीला कुणी हटकत नाही, पण म्हाई चुकवली तर पुढं वर्षभर ऐकून घ्यावं लागतं.

एरवी या भावकीची गाठ पडते ती व्हॉट्सॲपवर, आणि तीही पावसाळ्यात. आमच्या भोगावतीवरच्या राधानगरी धरणाचं काम शाहू महाराजांनी सुरू केलं, ते पुरं व्हायला १९५७ साल उजाडलं. त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पाणी चढलं की आपले आपण उघडतात. जुलै-ऑगस्टात हडपसरच्या फ्लॅटमध्ये बसून आमचा एक चुलतभाऊ "तिसरा उघडला, चौथा उघडला" असं ग्रुपवर टाकत असतो. गावातल्यांना हे त्याच्याआधीच कळलेलं असतं, पण त्याला तसं कुणी सांगत नाही. २०१९ च्या महापुरात पाणी आत्तीच्या त्याच जोत्याला लागलं होतं. त्या रात्री तिन्ही घरांचं धान्य धाकट्याच्या माडीवर गेलं. कुठलं पोतं कुणाचं हे पाणी ओसरल्यावर कुणाला सांगता येईना. तेव्हाही निवाडा आत्तीनंच केला.

तर मटणाचा दिवस. तीन घरं, तीन गॅस, पण त्या दिवशी परड्यात चर खणून एकच मोठं चुलवाण पेटतं आणि स्वयंपाक पुरुष करतात. म्हणजे पातेल्याशी पुरुष असतात. वाटण घाटण, कांदा चिरणं, खोबरं किसणं, भाकऱ्यांची चवड लावणं हे बायकांनी पहाटेच उरकलेलं असतं, त्याचा उल्लेख होत नाही. मटण शिजून आळणी, म्हणजे तिखट पडायच्या आधीचं मटणाचं पाणी, तयार झालं, की त्यातली पहिली वाटी आत्तीकडं जाते. ती फुंकर घालते, एक घोट घेते, डोळे बारीक करते. आजूबाजूला डाव हातात धरून मिशीवाले चौघेजण परीक्षेला बसल्यासारखे उभे. "मीठ हाय. आता काढा." मग त्या एकाच आळणीचे दोन भाग होतात. एकात घरची चटणी आणि तेलाचा कट येतो, तो तांबडा. दुसऱ्यात नारळाचं दूध, तीळ, खसखस, तो पांढरा. पांढऱ्यापाशी ती स्वतः उठून येते, कारण तिथं या चौघांवर तिचा विश्वास नाही. "खळखळा उकळी फुटू दिऊ नगा, फाटंल. जाळ वढा भाईर." लाकडं बाहेर ओढली जातात. गावात ज्यांच्यापुढं सोसायटीचा सचिव दबकून बोलतो, ते माझे चुलते तात्या राखेत हात घालून जाळ ओढतात.

या सगळ्या राज्यावर आत्तीचं नाव मात्र कुठंच नाही. सातबारा काढून बघावा, तर खातेदारांच्या रकान्यात काका, त्यांची पोरं, सुना, आम्ही, अशी रांग लागलेली. दर मयतानंतर फेरफार होतो आणि दोन-तीन नावं वाढतात. आत्तीचं नाव आजोबांच्या मागं लागलं असतं. १९५६ च्या कायद्यानं बापाच्या हिश्श्यात लेकीचा वाटा होताच. पण हक्कसोडपत्र झालं, तिला एक इरकली साडी मिळाली आणि "माहेर तुटायचं न्हाई" असा शब्द मिळाला. शब्द पाळला गेला हे खरं. तरीही साडीच्या आणि जमिनीच्या भावातलं अंतर बघितलं, की हा व्यवहार आपल्या चुलत्यांनी बाजारात केला असता तर त्यांना दलालांनीही उभं केलं नसतं, असं मला वाटतं. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये मुलींना जन्मानं वाटेकरी केलं, पण तोवर लग्न झालेल्यांना वगळून. २००५ मध्ये केंद्राच्या दुरुस्तीनं ती अट गेली. कायदा पुढं पुढं येत गेला, पण गावात अजून हक्कसोड हीच रीत.

यंदा पंगतीत हाच विषय निघाला. वडिलांच्या मागं आमच्याकडं वीस गुंठे, आई आणि आम्ही तीन भावंडं, डोईला पाच गुंठे. पहिल्या पंगतीला दादा, मी, जावईमंडळी आणि माहेरवाशीण म्हणून धाकटी बहीण. चुलत्या शेवटच्या पंगतीला बसतात, तोवर तांबडा पातळ झालेला असतो. दादानं भाकरी मोडता मोडता सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "जाताना आधारची झेरॉक्स तेवढी ठेव. सोमवारी दुय्यम निबंधकाकडं जाऊन यायचं. अर्ध्या तासाचं काम."

बहीण बँकेत कर्जविभागाला आहे. दुसऱ्यांचे सातबारे वाचण्यात तिचा दिवस जातो. ती म्हणाली, "कागद बघू आधी."

"त्यात काय बघायचं?"

जोत्यावरनं आवाज आला. "बघू दे की तिला. माझी सही घेतलासा तवा कागुद कुणी वाचून दाखिवला न्हाई."

पंगत एकदम भाकरीकडं बघायला लागली. मीही. आत्तीनं ते चिडून म्हटलं नव्हतं, मिठाबद्दल सांगते त्याच सुरात म्हटलं होतं. म्हणून तर दादाला उत्तर सुचेना.

बहिणीनं समोरच्या चुलतभावाला विचारलं, "पाच गुंठ्यांत ऊस किती निघतो रे?" जमीन तोच कसतो, आमच्या वाट्याचीही.

"गुंठ्याला टन धरायचा. पिकवणारा असला तर." तो हसला. त्याच्याच खिशात म्हाईच्या पट्टीची, म्हणजे वर्गणीची, वही होती. "पर अक्का, खातेदार व्हायचं तर बकऱ्याची पट्टी भराय लागती. माहेरवाशिणीला माफ असती."

"किती?"

त्यानं आकडा सांगितला, चेष्टेत. तिनं डाव्या हातानं फोन काढला, त्याला नंबर विचारला, आणि त्याच्या खिशातला फोन वाजला. तो बघत राहिला. मग उष्टा हात वर धरून त्यानं कोपरानं वही बाहेर ढकलली, पण लिहिणार कुठल्या हातानं?

आमच्याकडं नळी जावयाला नाहीतर घरातल्या कर्त्याला वाढतात. पातेलं घेऊन फिरणारा पोरगा नळी शोधून दादाच्या ताटाकडं वळला होता. आत्ती जोत्यावरनं ओरडली, "आरं, हिकडं वाढ. पट्टी भरलीया तिनं."