जर्मनीत लोक भाड्याने का राहतात?

तुम्ही विचारलंत, जर्मनीसारख्या श्रीमंत देशात निम्म्याहून जास्त लोक भाड्याच्या घरात राहतात आणि रोमानियात नव्वदहून अधिक टक्के लोक स्वतःच्या, हे कसं काय?

आधी हा आकडा निघतो कसा ते पाहा. युरोपीय संघाचं सांख्यिकी कार्यालय घरमालक मोजत नाही, मालकीच्या घरात राहणारी माणसं मोजतं. आईवडिलांच्या दोन खोल्यांत राहणारा तिशीतला मुलगाही त्यात येतो. रोमानियात अशी दाटी फार आहे. शिवाय १९८९ नंतर तिथल्या सरकारने आपले फ्लॅट त्यांत राहणाऱ्या भाडेकरूंनाच अगदी स्वस्तात विकले. त्या मालकीचा सुबत्तेशी फारसा संबंध नाही.

जर्मनीतलं खरं कारण भाडेकरार. तो सहसा बेमुदत असतो. घर रिकामं करून हवं असेल तर मालकाला कायद्यात बसणारं कारण लेखी द्यावं लागतं, उदाहरणार्थ स्वतःच्या कुटुंबासाठी गरज. नोटीस मुक्कामाच्या वर्षांनुसार ३ ते ९ महिन्यांची; भाडेकरूला मात्र ३ महिने पुरतात. भाडं परिसरातल्या दरापर्यंतच वाढवता येतं, तेही ३ वर्षांत २० टक्क्यांच्या आत. घरांची टंचाई असलेल्या शहरांत १५. डिपॉझिट मूळ भाड्याच्या तिपटीहून जास्त घेता येत नाही. आपल्याकडच्या ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सशी हे ताडून पाहा. मुंबई-पुण्यात कितीतरी कुटुंबं छातीवर कर्ज घेतात ती गुंतवणुकीपेक्षा मुलांची शाळा दरवर्षी बदलायला लागू नये म्हणून. माझ्या मते मालकीच्या टक्केवारीमागे ही धास्ती किती आहे, हे आधी तपासावं.

दुसरं कारण खरेदीचा खर्च. ४ लाख युरोंचं घर घ्या. हस्तांतरण कर बायर्न राज्यात ३.५ टक्के, म्हणजे १४,००० युरो, नॉर्डऱ्हाईन-वेस्टफालिया राज्यात ६.५ टक्के, म्हणजे २६,०००. नोटरी आणि नोंदणीचे साधारण ८,०००. दलाल असेल तर त्याचे बहुधा आणखी १४,२८०. हे पैसे बँक सहसा देत नाही, पदरचे घालावे लागतात. आणि राहत्या घराच्या कर्जावरचं व्याज आयकरातून वजा होत नाही. भाड्याने दिलेल्या घराचं होतं! कायदाच असा असल्यावर बरेच लोक हिशेब करून भाड्याने राहतात.

सिंगापूरने उलटी वाट धरली: सरकारी फ्लॅट ९९ वर्षांच्या लीजवर, आणि १९६८पासून भविष्य निर्वाह निधीतून त्याचे हप्ते. आज तिथली मालकी ९० टक्क्यांच्या आसपास आहे.

म्युनिकला नोकरीसाठी गेलेले आपले लोक पहिल्या एक-दोन वर्षांतच घर शोधू लागतात. तिथे किती वर्षं राहणार हे आधी ठरवा. व्याजदर ज्या मुदतीसाठी ठरलेला असतो ती संपण्याआधीच कर्ज फेडलं तर बँक नुकसानभरपाई मागते. परत येताना घर भाड्याने देऊन ठेवलंत आणि पुढे खरेदीपासून १० वर्षांच्या आत विकलंत, तर नफ्यावर आयकर लागू शकतो.