हौदातली जलपर्णी आणि चार महिन्यांच्या चकरा

आधी हे सांगते, की गावात जलपर्णी आणणाऱ्यांत मीही होते. नागपूरहून येताना एका नर्सरीत ‘जांभळं कमळ’ म्हणून दोन रोपं मिळाली, ती अंगणातल्या सिमेंटच्या टाक्यात सोडली. देठाला हवेनं भरलेला फुगा असतो, दाबला तर बोटाखाली स्पंजासारखा लागतो. त्याच्याच जोरावर ती तरंगते. वरच्या पाकळीवर मोरपिसासारखा पिवळा ठिपका. महिन्याभरात टाकं भरलं. जास्तीची रोपं शेजारणींना वाटली, उरलेली नालीत टाकली. आमच्या गल्लीची नाली तलावात उतरते.

तलाव म्हणजे मामा तलाव. भंडारा जिल्ह्यातल्या शेकडो माजी मालगुजारी तलावांपैकी एक, म्हणून ‘मामा’, कोहळी समाजाच्या लोकांनी बांधलेला. मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, १९५१ मध्ये गेली, तलावाचं नाव तेच राहिलं. धानाला पाणी याचंच, ढीवरांची, म्हणजे मासेमारांची, मासोळी आणि शिंगाडाही यातलाच. दोन पावसाळ्यांत घाटाजवळचं पाणी दिसेनासं झालं. मासेमारांच्या संस्थेतल्या एका ढीवर दादांनी जाळं माझ्यापुढे पसरलं. त्यात चार झिंगे आणि घमेलंभर काळ्या मुळ्यांच्या जटा. म्हणाले, “मॅडम, याच्याखाली मासा कसा रायते? हवाच नाई भेटत त्याले.” त्या रात्री मला झोप लागली नाही.

बचत गटातल्या आम्ही सहाजणींनी दोन दिवसांत घरोघरची यादी केली. तेवीस घरी टाक्यात नाहीतर पाण्याच्या गंजात जलपर्णी, काहींकडे कुंडीत रंगीत रायमुनिया, वाडीच्या कुंपणाला बेशरमाची झुडपं तर विचारूच नका. तिन्ही शोभेसाठी किंवा कुंपणासाठी बाहेर देशातून आलेल्या. रायमुनिया, म्हणजे घाणेरी, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात आली. पाखरांनी फळं खाल्ली आणि बी जंगलभर गेलं. ग्रामसभेनं ठराव लगेच केला. मी समजले, काम झालं.

पहिल्याच घरी अडले. काकू म्हणाल्या, “अव माय, इतकी सुंदर फुलं येते, काऊन काढू मी? आन पहिले त्या हापिसापुढचा हौद पाय. तेथं तर सरकारनंच लावून ठेवली.” पुढच्या घरी तेच, त्याच्या पुढच्या घरीही तेच. लोक खरं बोलत होते. गावातल्या एका सरकारी कार्यालयापुढे गोल हौद आहे, तो जलपर्णीनं काठोकाठ भरलेला, आणि सुशोभन स्पर्धेसाठी त्याचे फोटोही वर गेलेले. तिथली जलपर्णी निघाल्याशिवाय कोणाच्या दारात उभं राहायला मला तोंड नव्हतं.

मार्चमध्ये अर्ज दिला. बाबू म्हणाले, रोपं जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे कार्यालयाच्या सामानाच्या वहीत आहेत, निर्लेखन झाल्याशिवाय, म्हणजे वहीतून नाव रीतसर कमी केल्याशिवाय, काढता येत नाहीत. निर्लेखनाला साहेबांची सही लागते, आणि साहेबांची बदली झालेली. नवे साहेब आले तर म्हणाले, रोप अपायकारक आहे असं तज्ज्ञाचं पत्र आणा. कृषी खात्यातल्या अधिकाऱ्यांनी पत्र दिलं, त्यात स्वच्छ लिहिलं की तिचं बी चिखलात पंधरा-वीस वर्षं जिवंत राहतं, आणि अनुकूल पाण्यात ती एक-दोन आठवड्यांत दुप्पट होते. पत्र फाइलला लागलं. मग कळलं, स्पर्धेची तपासणी बाकी आहे, “ते होऊ द्या, मॅडम.” एप्रिल गेला, मे गेला. शाळा सुटल्यावर आठवड्यातून दोनदा मी त्या बाकावर बसत होते. (काढायची असेल तर एप्रिल-मेमध्येच काढा, तेव्हा पाणी उतरलेलं असतं. आमचा तोच हंगाम या बाकावर गेला.)

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस आला. छत्री घेऊन धावत गेले तर हौद भरून वाहत होता आणि रोपं एकामागे एक नालीत पडत होती. मी नालीत उतरले, हाताला लागली तेवढी तीन पकडली. दोन माझ्या डोळ्यांदेखत तलावाकडे गेली.

दुसऱ्या दिवशी मी अर्जाचं विचारलंच नाही. “नोंदवही दाखवा,” म्हटलं. बाबूंनी कुरकुरत काढली. बिलावरून उतरवलेली नोंद होती, ‘कमळ रोपे १२’. जलपर्णी हा शब्द कुठेच नव्हता. म्हणजे हौदात जे होतं ते नोंदीत नव्हतं, आणि नोंदीत जे होतं ते हौदात नव्हतं. मी म्हटलं, “हौदात कमळ लावून देते, तुमची नोंद खरी होईल.” साहेबांनी दोन मिनिटांत हो म्हटलं. त्याच दुपारी हौद मोकळा झाला. ढीवर दादांनी तलावातूनच कमळाचे बारा कंद आणून लावले. चार महिन्यांचं काम त्या एका ओळीत होतं. तुमचं काम असं अडलं असेल, तर पहिल्याच दिवशी मूळ नोंद डोळ्यांनी वाचा.

काढलेली रोपं नालीत, विहिरीत, तलावाच्या काठावर टाकू नका. उंच कोरड्या जागी मुळं वर करून उन्हात वाळवा. फुलं येण्याआधीची असतील तर खतात चालतात. बेशरम तोडलीत तर कांड्या ओल्या जागी पडू देऊ नका, त्यांना मुळं फुटतात. तिचा पाला बकऱ्यांना विषारी आहे, तेही सांभाळा. आणि नर्सरीवाल्याला नाव विचारा. युरोपीय संघानं २०१६ मध्ये जलपर्णीच्या विक्रीवर बंदी घातली. आपल्याकडे ती अजून ‘जांभळं कमळ’ म्हणून मिळते.

हौद मोकळा झाल्यावर पंधरा दिवसांत एकवीस टाकी मोकळी झाली. रिकाम्या टाक्यांत आम्ही पांढरी कुमुदिनी दिली, तीही आपल्याच तलावातली. रिकामं टाकं कोणालाच बघवत नाही, म्हणून जलपर्णी काढा म्हणायला जाताना बदल्यात द्यायला काहीतरी हातात घेऊनच जायचं, हे मला फार उशिरा सुचलं.

काकू शेवटी आल्या, संध्याकाळी, हातात घमेलं घेऊन. त्यात त्यांची सगळी जलपर्णी होती, मुळ्यांचं पाणी अजून ठिबकत होतं. “कोठं वाळवू सांग,” म्हणाल्या, “आन माहा कांदा काढून ठेव कुमुदिनीचा.”