टूमस्टोन-बिस्बी: बंदुका थोड्या, खाणी जास्त

टूमस्टोन हे अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातलं काउबॉयच्या जमान्यातलं जुनं खाणगाव. फिनिक्सहून गाडीने तीन तास, टूसॉनहून सव्वा तास. आय-१० महामार्गावरून बेन्सनला उतरायचं आणि हायवे ८० धरून दक्षिणेला जायचं. बरेच जण एका दिवसात उरकून परत येतात. माझं ऐकाल तर एक रात्र काढा, आणि तीही टूमस्टोनला नव्हे, पुढे चोवीस मैलांवरच्या बिस्बीला. आमच्याबरोबर तासगावहून आलेले आई-बाबा होते आणि आठ वर्षांची लेक. टूमस्टोन सगळ्यांना आवडलं, पण दुपारपर्यंत पुरे झालं.

गावाचा मुख्य रस्ता म्हणजे ॲलन स्ट्रीट. तिथे गाड्यांना बंदी आहे. लाकडी फळ्यांचे फूटपाथ, घोडागाड्या आणि कमरेला पिस्तूल लावून तिकिटं खपवणारे मिशाळ काउबॉय. सगळे आकर्षित होतात ते ओके कोरलच्या, म्हणजे घोडे बांधायच्या आवाराच्या, गोळीबाराने. २६ ऑक्टोबर १८८१ ला कायद्याचे अंमलदार अर्प बंधू आणि त्यांचा दोस्त डॉक हॉलिडे एका बाजूला, क्लँटन-मॅकलॉरी टोळी दुसऱ्या बाजूला. अर्ध्या मिनिटात तिघे ठार. ही चकमक खरं तर कोरलमध्ये नाही, शेजारच्या फ्लाय नावाच्या फोटोग्राफरच्या स्टुडिओला लागून असलेल्या अरुंद मोकळ्या जागेत झाली. आता रोज तिचं नाटक होतं. आवाज दणदणीत, विनोद बेताचे. लेक खूश, बाबा घड्याळाकडे बघत होते. मुलं बरोबर नसतील तर नाटक सोडलं तरी चालेल. फ्लायच्या फोटोंचं दालन मात्र सोडू नका. शेजारच्या गोळीबाराचा एकही फोटो या गृहस्थाकडे नाही, पण १८८६ च्या मार्चमध्ये तो थेट अमेरिकी लष्कराशी लढणाऱ्या अपाचे आदिवासींचा म्होरक्या जेरोनिमो याच्या तळावर कॅमेरा घेऊन पोचला आणि हातात बंदुका असलेल्या अपाचे योद्ध्यांना ओळीने उभं करून फोटो काढले. त्या चेहऱ्यांपुढे आम्ही नाटकापेक्षा जास्त वेळ उभे होतो.

जुनं कोर्टहाउस हे गावातलं सगळ्यात नीट राखलेलं ठिकाण. १८८२ ची लाल विटांची इमारत, आता स्टेट पार्क. मागच्या अंगणात फाशीचा सांगाडा उभा केलाय. १८८३ च्या डिसेंबरमध्ये बिस्बीत दरोडा पडला, माणसं मेली. त्या कटात सामील ठरलेल्या जॉन हीथला फाशीऐवजी कैद झाली म्हणून चिडलेल्या जमावाने त्याला इथल्या तुरुंगातून ओढून तारेच्या खांबाला लटकवलं. मग मृत्यूचं कारण लिहायची वेळ आली. गावचे डॉक्टर गुडफेलो यांनी फुप्फुसाच्या विकाराने मृत्यू असा निर्वाळा दिला; विकार गळा आवळल्याने झाला असावा, आणि तो स्वतः आवळला की कसा, ते मोघमच ठेवलं! बंदुकीच्या जखमांवर शस्त्रक्रिया करण्यात या डॉक्टरचा हात धरणारा कोणी नव्हता. गोळी रेशमी कापडातून आरपार जात नाही, हे निरीक्षण त्याने १८८७ मध्ये छापलं होतं.

हे गाव वसलं ते चांदीमुळे. १८७७ मध्ये एड शेफेलिनला इथे चांदी सापडली. काही वर्षांतच खाणीत पाणी लागलं, मोठे पंप बसवले, १८८६ मध्ये आगीत पंपच गेले आणि गावाची उतरण सुरू झाली. १८८५ मध्ये लावलेली एक वेल मात्र अजून जोमात आहे. रोझ ट्री म्युझियमच्या अंगणात लेडी बँक्स जातीचा पांढरा गुलाब एकाच खोडावरून पाच हजार चौरस फुटांहून जास्त पसरलाय. खाली टेकू देऊन द्राक्षबागेसारखा मांडव केलाय. आई खोडाला हात लावून छाटणी कधी करतात ते विचारत होती. बहर मार्चअखेर ते एप्रिल. इतर वेळी नुसती हिरवी सावली मिळते, आणि तिथल्या उन्हात तीही हवीच असते.

बूटहिल स्मशान गावात शिरतानाच लागतं. कबरींवरच्या यमकबद्ध पाट्या नंतर केलेल्या आहेत, तेव्हा हसा, पण सगळं खरं मानू नका. जमीन खडीची आणि उताराची आहे, चपला नकोत.

आता बिस्बी. म्यूल पासचा बोगदा ओलांडला की दरीत कोंबलेलं गाव दिसतं, घरं एकावर एक आणि मध्ये सिमेंटचे जिने. इथलं खरं काम क्वीन माइन. तांब्याची ही खाण १९७५ मध्ये बंद झाली आणि पुढच्याच वर्षी पर्यटकांसाठी उघडली. हेल्मेट, दिवा, पिवळा रेनकोट चढवून छोट्या गाडीच्या बाकावर दोन्हीकडे पाय टाकून बसायचं. म्हणजे साडी नको! आईला आदल्या रात्रीच पंजाबी ड्रेस काढून ठेवायला सांगितलं होतं. आत दीड हजार फूट जातो आपण, बारा महिने तापमान ४७ फॅरनहाइट, तेव्हा जूनमध्येही स्वेटर लागतो. भिंतीला चिकटलेला निळा-हिरवा थर, सुरुंगाची भोकं कोणत्या क्रमाने उडवायची ते सांगणारा गाइड, आणि रुळावरून ढकलत न्यायचा दोन बैठकींचा संडास; लेकीला शाळेत सांगायला तेवढंच पुरलं. सहा वर्षांखालच्या मुलांना आत नेत नाहीत. बुकिंग आधी करा.

बाहेर आल्यावर समोरच्या खाण-संग्रहालयात जा. १२ जुलै १९१७ ला संप करणाऱ्या हजारावर खाणकामगारांना बंदुकीच्या धाकाने गुरांच्या डब्यात कोंबून न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात सोडून दिलं, त्याची हकिकत तिथे आहे. टूमस्टोनच्या तिघांना जगाने डोक्यावर घेतलं, हे हजार मात्र फारसे कोणाला माहीत नाहीत. लॅव्हेंडर पिट हा तांब्याच्या उघड्या खाणीचा भला मोठा खड्डा रस्त्यालगतच आहे, तिकीट नाही.

शाकाहाऱ्यांनी टूमस्टोनच्या सलूनमध्ये (केस कापायचं नव्हे, जुन्या धाटणीचा बार) फ्राइज आणि चीज पिझ्झ्यावर भागवावं. बीन्स घेण्याआधी चरबी घातलीय का ते विचारा. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. बिस्बीत खाण्याचे हाल नाहीत. जुलै ते सप्टेंबर दुपारी वळीव कोसळतो, ओहोळ भरले तर गाडी घालू नका.

परतताना वेळ असेल तर बेन्सनजवळच्या कार्चनर गुहा बघा. तिकीट आधीच काढावं लागतं, आत मोबाइल, कॅमेरा, पर्स काही चालत नाही. वटवाघळांच्या विणीमुळे गुहेतला बिग रूम हा भाग एप्रिलच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असते, दुसरी टूर चालू राहते.

आणि एक महत्त्वाचं. उत्तरेकडे येताना हायवेवर बॉर्डर पट्रोलचा, म्हणजे सीमा-पोलिसांचा, तपासणी नाका लागतो. एच-१ बी हा नोकरीचा व्हिसा असो, ग्रीन कार्ड असो की व्हिजिटर व्हिसावर आलेले आई-वडील, मूळ कागद जवळ हवेत, फोनमधल्या फोटोवर विसंबू नका. आई-बाबांचे पासपोर्ट आणि आय-९४ ची (अमेरिकेत प्रवेश केल्याच्या नोंदीची) प्रिंट पुढच्या खणात ठेवा, डिकीतल्या बॅगेत नको.